पगार, मजुरी, घरकाम, सातबारा: बायकांनी बोलणी करताना काय ठरवून घ्यावं? (नाशिक परिसर)

गोदाकाठ
"ठामपणे बोला", "आत्मविश्वास ठेवा" असले सल्ले सगळीकडे मिळतात, ते या धाग्यावर नकोत. आकडा कसा काढायचा, कधी बोलायचं, कागदावर काय असलं पाहिजे आणि कुठे फसायला होतं, एवढंच लिहा. आपबीती नको, हिशोब हवा.

सुरुवात मी करते. घासाघीस भावावर होते आणि पैसा जातो मोजमापात. रोज किती यावर अर्धा तास वाद होतो. पण रोज म्हणजे किती तास, गाडीतला वेळ त्यात धरला का, दुपारी पाऊस आला तर अर्धा रोज की पूर्ण, हे विचारलंच जात नाही. नोकरीतही तेच: "सहा लाखांचं पॅकेज" ऐकून हो म्हटलं जातं आणि त्यातले हातात किती हे पहिल्या पगारपत्रकावर कळतं. म्हणून माझ्या मते आधी कशावर मोजायचं ते, मग मुदत, मग अपवाद, आणि भाव सगळ्यात शेवटी. कोणाला हा क्रम चुकीचा वाटत असेल तर भांडा.

अंबड_एचआर
क्रम बरोबर आहे. पगाराचा हिशोब मांडतो, कारण अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मुलाखतीला येणाऱ्या दहापैकी आठ मुली (मुलगेही) सीटीसीला, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाला, बारानं भागतात.

समजा सीटीसी ६,००,००० आहे. मूळ वेतन निम्मं, म्हणजे महिना २५,०००. आता वजा करत जा:
मालकाचा पीएफ, मुळाच्या १२ टक्के: वर्षाला ३६,०००.
ग्रॅच्युइटीची तरतूद, मुळाच्या ४.८१ टक्के: १४,४३०.
व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा, पक्का नसलेला भाग), सीटीसीच्या १० टक्के: ६०,०००.
उरले ४,८९,५७०, म्हणजे महिना ४०,७९७. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ३७,६०० च्या आसपास. नव्या करप्रणालीत या पगारावर आयकर पडत नाही, म्हणून तो धरला नाही. मेडिक्लेमचा हप्ता सीटीसीत घुसवला असेल तर आकडा आणखी खाली. पन्नास हजार समजून घरभाडं ठरवलं की पुढचं सगळं कोसळतं.

म्हणून पहिला प्रश्न: "व्हेरिएबल सोडून महिन्याचा पक्का ग्रॉस (कपातीआधीचा पगार) किती?" दुसरा: "व्हेरिएबल कशावर, कधी मिळतं आणि गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं?" दुसऱ्या प्रश्नाला एचआर गुळमुळीत उत्तर देऊ लागला तर व्हेरिएबल शून्य धरून विचार करा.

व्यवसाय करात बायकांना महाराष्ट्रात वेगळी सवलत आहे. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रीला तो शून्य आहे. छोट्या कारखान्यांत सॉफ्टवेअर जुनंच असतं आणि दरमहा २०० कापले जातात. पगारपत्रक बघा आणि लेखी परत मागा.

तिसरी_पाळी
@अंबड_एचआर, मागच्या नोकरीची स्लिप मागतात त्याचं काय? तिथेच गळा आवळला जातो. आधीच्या कंपनीनं कमी दिलं म्हणून हीही कमी देते.

अंबड_एचआर
विचारायला आपल्याकडे कायद्यानं बंदी नाही. खोटा आकडा सांगू नका, पडताळणीत सापडतो आणि ऑफर जाते. मात्र बोलण्याचा पाया बदलता येतो: "माझा आत्ताचा पगार हा आहे. तुमच्या पदावर दोन उत्पादन लाइन आणि ऑडिटची जबाबदारी आहे, त्या कामाला मी इतके ते इतके अपेक्षित धरते." पट्टा सांगताना खालचं टोक असं ठेवा की तेवढ्यावर खरंच रुजू व्हाल, कारण समोरचा खालचंच टोक ऐकतो.

आणि टक्केवारीच्या नादी लागू नका. एकाच कामाला एकीला २०,००० आणि दुसऱ्याला २६,००० असतील आणि दोघांना दरसाल १० टक्के वाढ मिळाली, तर पाच वर्षांनी ६,००० चा फरक ९,६६३ होतो. टक्के सारखे आणि खड्डा मोठा. अशा वेळी वाढीचा अर्ज न देता दुरुस्तीचा अर्ज द्यावा: "पद अमुक, काम अमुक, या पदाच्या पगारपट्ट्याशी जुळवून घ्यावं."

वेळेबद्दल एक. एप्रिलच्या वाढीचं बजेट बहुतेक कंपन्यांत जानेवारी-फेब्रुवारीत ठरतं. पत्र हातात आल्यावर केलेली बोलणी ही तक्रार होते. डिसेंबरच्या शेवटी वरिष्ठाला एक पानाचा मेल: वर्षात काय वाढलं (लाइन, माणसं, रिजेक्शनचे टक्के), आणि जानेवारीत वीस मिनिटं द्या.

सिडको_सायली
हे सगळं ठीक, पण बाईनं मागितलं की "फार हुशार समजते" होतं. पुरुषानं तेच मागितलं की महत्त्वाकांक्षी. याला उपाय काय?

गोदाकाठ
हा निव्वळ भास नाही. हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय या अमेरिकी संशोधकांनी २००७ मध्ये प्रयोग करून दाखवलं की पगारासाठी बोलणी करणाऱ्या स्त्रीबरोबर काम करायची लोकांची इच्छा पुरुषापेक्षा जास्त घटते. त्याच विषयावरच्या पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की स्त्री दुसऱ्याच्या वतीनं बोलते तेव्हा हा फटका कमी बसतो. नाशिकला शॉपफ्लोअरवर याचा उपयोग असा: "मला द्या" याऐवजी "क्वालिटी इन्स्पेक्टर या पदाला पट्टा ठरवा, आम्ही चौघी त्यात आहोत". चौघींचा अर्ज एकटीला दाबता येत नाही, हा वरचा फायदा.

सिडको_सायली
म्हणजे पुन्हा बाईनंच गोड बोलायचं.

गोदाकाठ
अन्याय्यच आहे. पण हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, जग सुधारायची वाट बघत नाही. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ पासून आहे, आता तो वेतन संहितेत आला आणि चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात "समान काम" ठरवताना कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी बघतात, पदाचं नाव बघत नाहीत. त्यामुळे त्याला "टेक्निशियन" आणि तिला "हेल्पर" असं लिहून पळवाट निघत नाही. फक्त दोघं काय करतात याची नोंद हवी: जॉब कार्ड, शिफ्ट रजिस्टर, ट्रेनिंगची सही.

अंबड_एचआर
शिवाय नेमणूकपत्र आता सगळ्यांना द्यावंच लागतं, ठेकेदाराच्या माणसांनाही. आणि मुदतीच्या करारावर असलात तर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षावर प्रमाणात मिळते. अकरा महिन्यांचा करार पुन्हा पुन्हा का करतात ते यावरून ओळखा. बोलणी करताना बारा महिने मागा.

द्राक्षवेल_दिंडोरी
शेतमजुरीचं लिहिते, कारण आपल्या जिल्ह्यात बायकांची सगळ्यात मोठी बोलणी दरवर्षी द्राक्षबागेत होते आणि तिच्यावर कोणी लिहीत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या टोळ्या दिंडोरी-निफाडला येतात. गोडी छाटणी (फळासाठीची) सप्टेंबर-ऑक्टोबरात, मग फेलफूट (जादा फुटी काढणं), मग डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), मग मण्यांची विरळणी (घडातले जादा मणी कात्रीनं काढणं). विरळणी जवळपास सगळी बायकांच्या हातची, आणि उक्त्या कामात (रोजावर नाही, सगळ्या कामाचा एकदम भाव) तिथेच सगळ्यात जास्त मार बसतो.

कारण "एकरी इतके" हे मोजमापच फसवं आहे. बाग ९ बाय ५ फुटांवर असेल तर एकरात ९६८ वेली बसतात. ८ बाय ४ वर असेल तर १,३६१. दोन्हीकडे वेलीला ३५ घड ठेवले असं धरा: पहिल्या बागेत ३३,८८० घड, दुसरीत ४७,६३५. भाव एकरी तोच असेल तर दुसऱ्या बागेत चाळीस टक्के काम फुकट. १० बाय ६ ची जुनी बाग मिळाली तर ७२६ वेली, तिथे उलट तुमचा फायदा, पण अशी बाग टोळीला सांगून येत नाही.

म्हणून मुकादम (टोळीचा म्होरक्या) बाग बघायला जाताना टोळीतल्या दोघींनी बरोबर जायचं आणि चार गोष्टी बघायच्या.

अंतर पावलानं नाही, टेपनं मोजा. ओळी मोजा, एका ओळीतल्या वेली मोजा, गुणाकार करा. एकर ४० गुंठ्यांचा असतो. "एकच एकर आहे" म्हणून दाखवलेली बाग ४४ गुंठे निघू शकते.

मधल्या ओळीतल्या पाच वेलींवरचे घड मोजा. बांधाकडच्या वेली मोजू नका, तिथे घड कमी असतात.

मण्याचा आकार बघा. विरळणी मणी बाजरी-ज्वारीएवढा असताना करायची असते, तेव्हा कात्री घडात सहज फिरते. मालकानं आठ दिवस उशिरा बोलावलं आणि मणी फुगले की घड घट्ट होतो, एका घडाला दुप्पट वेळ लागतो आणि चांगले मणी कात्रीनं चिरतात. मग त्याचा दोषही टोळीवर. ठरवतानाच बोला: ठरल्या तारखेपेक्षा बोलावणं लांबलं तर भाव घडावर जाईल.

आणि काम निर्यातीचं की लोकलचं ते विचारा. निर्यातीच्या घडात मणी मोजून ठेवायचे असतात, लोकलला नजरेनं चालतं. दोन्ही कामं एका भावात घेऊ नका.

भाव वेलीवर मागा. बागायतदार एकरावर अडला तर वेलींची संख्या एकरी भावाशेजारी लिहून घ्या: "९६८ वेली धरून एकरी इतके, जास्त निघाल्या तर त्याच हिशोबानं वाढ."

निफाडचा_बागायतदार
ताई, हिशोब मान्य. पण मालकाची बाजूही ऐका. वेलीवर भाव दिला की टोळी पळते. वरचे घड नीट, मंडपातले आतले घड तसेच. माल काढणीला आला की आतून कूज निघते.

द्राक्षवेल_दिंडोरी
दादा, बरोबर आहे तुमचं, उक्त्या कामाचा हाच धोका. उपाय सोपा आहे. पहिल्या सकाळी पाच वेली नमुना म्हणून मालकासमोर करायच्या, तो "अशीच हवी" म्हणाला की त्या वेलींना चिंधी बांधायची. मग ओळ संपली की ओळीची तपासणी, त्याच दिवशी. चौथ्या दिवशी येऊन पहिल्या ओळीत खोट काढायची नाही. वहीत ओळ नंबर आणि सही. हे मालकालाही स्वस्त पडतं.

निफाडचा_बागायतदार
चिंधीची कल्पना घेतो.

तिसरी_पाळी
उचलीचं, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचं काय? आणि पावसाचं?

द्राक्षवेल_दिंडोरी
उचल घेताना दोन वह्या, एक मुकादमाकडे, एक टोळीतल्या लिहिता येणाऱ्या मुलीकडे. कपात दर हप्त्याला थोडी ठरवून, शेवटी एकरकमी कापली तर घरी जाताना हात रिकामे. पैसे प्रत्येकीच्या खात्यावर मागा. "मुकादमाला सगळ्यांचे एकदम पाठवतो" यात दोन गोष्टी होतात: कमिशन मजुरीतून निघतं, आणि नवरा-बायको एकाच टोळीत असले तर दोघांची मजुरी नवऱ्याच्या हातात जाते. कमिशन मालकानं वेगळं द्यायचं, हे पहिल्याच बैठकीत.

पावसाचं: सकाळी गाडीत बसलात आणि बागेत पोचलात की अर्धा रोज पक्का, दुपारच्या जेवणानंतर थांबलं तर पूर्ण. उक्त्यात हा नियम चालत नाही, तिथे खाड्याच्या (काम न झालेल्या) दिवसाचं फक्त जेवण आणि गाडीभाडं मालकाचं, एवढं तरी घ्या.

इंदिरानगर_हिशोबवही
आता घर. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामाला स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. तेही घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी, न करणारे त्यात नाहीतच. या दोनशे मिनिटांवर बोलणी "तू थोडं बघत जा" अशी झाली तर दोन आठवडे टिकते, कारण लक्ष ठेवणं, आठवण करणं, सामान आणणं सगळं बाईकडेच राहतं आणि नवरा फक्त हात लावतो.

काम अख्खं द्यायचं. उदाहरणार्थ दळण: डबा कधी संपतोय हे बघणं, गहू निवडून ठेवणं, गिरणीत नेणं, आणणं, भरणं. किंवा शाळा: बसचे पैसे, ग्रुपवरचे निरोप, डबा, पालकसभा. असं एक पूर्ण खातं दिलं की त्यात नाक खुपसायचं नाही, हे बायकांना सगळ्यात जड जातं. दर्जा आधी ठरवा (डबा पावणेसातला तयार, पोळी-भाजी, बिस्किटं चालणार नाहीत), मग गप्प बसा. दोन महिन्यांनी खाती बदलायची का ते बोला.

सासूबाई घरात असतील तर आधी दोघांचं ठरू द्या, आणि त्यांना सांगायचं काम त्यांच्या मुलाचं. सुनेनं सांगितलं की तो हक्काचा वाद होतो, मुलानं "उद्यापासून रात्रीची भांडी माझ्याकडे" म्हटलं की चार दिवस कुरकुर आणि मग सवय. पाहुण्यांसमोर, सणाच्या आदल्या दिवशी आणि सकाळी आठच्या आत हा विषय काढू नये.

पैशांचं मात्र घरोघरी एकच चुकतं. त्याचा पगार ६०,०००, तिचा ४०,०००, घरखर्च ५०,०००. प्रमाणात वाटला तर त्यानं ३०,००० आणि तिनं २०,००० द्यायचे, इथवर ठीक. पण त्याच्या तीसमध्ये घराचा हप्ता असतो आणि तिच्या वीसमध्ये किराणा, दूध, शाळेची फी, कामवाली बाई. पंधरा वर्षांनी त्याच्या नावावर फ्लॅट आणि तिच्याकडे डी-मार्टच्या पावत्या. रक्कम प्रमाणात आहे, पण तिचा पैसा खाऊन संपला आणि त्याचा उभा राहिला. म्हणून प्रत्येक मोठा खर्च दोघांत फोडा: हप्त्यातही तिचा वाटा, किराण्यातही त्याचा. आणि हप्ता तिच्या खात्यातून जाताना दिसला पाहिजे.

सातबारा
आणि इंडेक्स टूवर (खरेदीखताच्या सरकारी नोंदीचा उतारा) नाव! कर्जात सहअर्जदार म्हणून सही घेतात, तिचा पगार दाखवून रक्कम वाढवून घेतात, पण खरेदीखतात नाव नसतं. म्हणजे कर्ज फेडायची जबाबदारी आहे, घर नाही. हप्त्यावरची करसवलतही खरेदीखतात नाव असेल तरच मागता येते. सहअर्जदार व्हायला सही मागितली की त्याच टेबलावर बोला, मंजुरीनंतर तुमच्या सहीची किंमत शून्य.

घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. चाळीस लाखांच्या फ्लॅटला ४०,००० वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत नाही. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही अट होती, ती २०२३ मध्ये काढली. घरी हा विषय सुरू करायला हे चाळीस हजार फार उपयोगी पडतात, हक्काबिक्काच्या गोष्टी नंतर.

माहेरच्या जमिनीबद्दलही लिहितो. वडील गेल्यावर वारस नोंद होते, मुलींची नावं सातबाऱ्यावर लागतात, आणि वर्षभरात हक्कसोडीचा (आपला हिस्सा लिहून सोडण्याचा) विषय निघतो. बहुधा "गावच्या विकास सोसायटीचं कर्ज काढायचंय, सगळ्यांच्या सह्या गोळा करणं अवघड जातं" या कारणानं. कारण खरंही असतं. पण त्याला हक्कसोड हा एकच उपाय नाही: संमतीपत्र देता येतं, वाटप करून आपला हिस्सा भावाला कसायला देता येतो, किंवा मोबदला घेऊन सोडता येतं.

ध्यानात ठेवायचं ते असं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबात मुलगी जन्मानंच सहहिस्सेदार आहे, आणि ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. "लग्नात दिलं ना सगळं" याला कायद्यात जागा नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हवं, नोटरीच्या कागदावर हक्क सुटत नाही. एकदा नोंदवलं की मागे घेणं म्हणजे दिवाणी दावा आणि वर्षं. सोडायचंच ठरलं तर गट नंबर आणि क्षेत्र लिहून तेवढंच सोडा. "सर्व स्थावर मिळकतीतील हक्क" असं वाक्य असलं तर गावातलं घर आणि विहिरीतला हिस्साही जातो.

सिन्नर-इगतपुरीत समृद्धी महामार्गाच्या वेळी सगळ्यांनी बघितलंय: भूसंपादनाचा मोबदला नोंदीत नाव असलेल्याला मिळतो. बागायती भाव बघून सोडलेला हिस्सा पाच वर्षांनी एनए (बिगरशेती) भावानं डोळ्यांसमोर उभा राहतो. सोडण्याआधी रेडी रेकनर (सरकारी दरतक्ता) बघून हिश्शाची किंमत काढा. भावाशी भांडायचं नसलं तरी आपण काय देतोय ते माहीत असावं.

सिडको_सायली
आणि सासरच्या जमिनीत?

सातबारा
नवरा हयात असताना आपोआप काही नाही. पण चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं, त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनी केल्या, आणि १९९२ मध्ये सरकारनं नवऱ्याच्या अर्जावरून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. अर्ज तलाठ्याकडे. नाव लागल्यावर उतारा काढून बघा: ते भोगवटादाराच्या (जमीनधारकाच्या) रकान्यात आहे की "इतर हक्क" मध्ये टाकलंय? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि चूक तिथेच होते.

तिसरी_पाळी
घरकाम करणाऱ्या बायकांबद्दल कोणीच बोललं नाही.

इंदिरानगर_हिशोबवही
खरंय. थोडक्यात: भाव कामावर ठरवा आणि कामाचं माप सांगा. "भांडी" म्हणजे किती माणसांची, दिवसातून कितीदा. "पोळ्या" म्हणजे किती, कणीक मळलेली की मळायची. पाहुणे आले तर किती दिवसांपर्यंत त्याच पैशात, त्यापुढे दिवसाला किती. महिन्याला चार सुट्ट्या, दिवाळीला एक पगार. त्या घरची माणसं गावाला गेली तर त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत, कारण ती वेळ दुसऱ्या घराला देता येत नाही. एकाच सोसायटीत काम करणाऱ्या बायकांनी जानेवारीत एकत्र भाव सांगितला तर टिकतो.

नाशिकरोड_मीरा
बाळंतपणाच्या रजेवर एक प्रश्न. २६ आठवडे मिळतात, पण परत आल्यावर खुर्ची दुसऱ्याची आणि त्या वर्षीचं रेटिंग "सरासरी". हे आधी कसं बांधून घ्यायचं?

अंबड_एचआर
रजेच्या अर्जातच. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. अर्जात रजेची तारीख आणि परत यायची तारीख लिहा. त्याखाली तीन ओळी: परतल्यावर तेच पद किंवा त्याच पट्ट्यातलं पद, या वर्षाचं रेटिंग हजर महिन्यांच्या कामावर, आणि काम कोणाकडे सोपवलं त्याची यादी. मेलनं पाठवा आणि "कृपया कळवावे" लिहा. उत्तर आलं नाही तरी मेल राहतो. रजेत असताना काढून टाकणं किंवा तिच्या तोट्याचे बदल करणं बेकायदेशीर आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर लागतं, आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. घरून काम रजेनंतर परस्पर संमतीनं ठरवता येतं, तेही अर्जातच सुचवून ठेवा. परतल्यावर मागितलं तर ते उपकार म्हणून मिळतं.

नाशिकरोड_मीरा
धन्यवाद. @सातबारा, हक्कसोड नसताना भावानं परस्पर नाव कमी केलं तर?

सातबारा
परस्पर होत नाही. फेरफार (नोंदीतला बदल) धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस असतात. गडबड तिथेच होते: नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते आणि तीच माणसं ती घेतात. म्हणून तलाठ्याकडे सासरचा पत्ता आणि स्वतःचा मोबाइल नंबर लेखी द्या, पोच घ्या, आणि सहा महिन्यांतून एकदा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सातबारा काढून बघा. हरकत साध्या कागदावर चालते: गट नंबर, फेरफार नंबर, वारस नोंदीची प्रत, सही. मुदत टळली तर प्रांत अधिकाऱ्याकडे अपील. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.